प्रथिनाच्या स्फटिकातला हरवलेला फेज कसा मिळवायचा

राजेंद्रनगरच्या गणपतीत ढोलपथक वाजतं. प्रत्येक ढोल किती जोरात वाजला एवढंच कुणी टिपून ठेवलं आणि टिपरू केव्हा पडलं ते टिपलंच नाही, तर त्या नोंदीवरून ठेका पुन्हा उभा राहणार नाही. क्ष-किरण स्फटिकातून गेल्यावर आपल्या हाती नेमकं असंच काहीतरी येतं. डिटेक्टर ठिपक्यांची तीव्रता मोजतो, तिच्या वर्गमुळावरून लाटेचा आयाम, म्हणजे उंची, मिळतो. फेज, म्हणजे लाट कुठल्या टप्प्यावर होती ते, मात्र गेलेला असतो. आणि प्रथिनातल्या इलेक्ट्रॉनांच्या घनतेचा जो नकाशा आपल्याला हवा, त्याचा आकार मुख्यतः फेजच ठरवतो.

आधी मॉलिक्युलर रिप्लेसमेंट करून पाहा, म्हणजे मिळत्याजुळत्या रचनेचं मॉडेल स्फटिकात बसवून त्याचे फेज उसने घ्या. प्रथिनाची रचना वर्तवणाऱ्या अल्फाफोल्ड या एआय प्रणालीचं मॉडेल घ्या, १०० पैकी ७०च्या खाली विश्वासांक असलेले भाग कापून टाका, डोमेन (प्रथिनाचे स्वतंत्र घडी पडलेले भाग) एकमेकांच्या तुलनेत हलत असतील तर वेगवेगळे शोधा. फेझर या प्रोग्रॅममध्ये टीएफझेड हा जुळणीचा गुणांक ८च्या वर गेला तर उत्तर बहुधा बरोबर असतं.

इथे मी स्वतः फसलो होतो. स्पेस ग्रुप, म्हणजे स्फटिकाच्या सममितीचा प्रकार, पी४१२१२ धरला आणि त्याचा आरशातला जोडीदार पी४३२१२ तपासलाच नाही. दोन आठवडे रिफाइन करत, म्हणजे मॉडेल मोजमापांशी जुळवत राहिलो, आर-फ्री (बाजूला ठेवलेल्या ठिपक्यांवर मॉडेल किती चुकतं तो आकडा) ०.५०च्या खाली येईना. नकाशा मात्र मॉडेलशी छान जुळत होता, कारण फेज मॉडेलचेच होते! तेव्हापासून मी दोन्ही स्पेस ग्रुप तपासतो. शिवाय एक हेलिक्स (प्रथिनाच्या साखळीचा मळसूत्री भाग) मुद्दाम वगळून रिफाइन करतो. तिची घनता आपणहून परत आली, तरच नकाशावर विश्वास ठेवतो.

मॉडेल बसलंच नाही, तर सेलेनियम: त्याचे अणू क्ष-किरण वेगळ्या तऱ्हेने विखुरतात आणि त्यावरून फेज काढता येतो. जिवाणूंमध्ये प्रथिन तयार करतानाच मेथिओनिनच्या जागी सेलेनोमेथिओनिन घाला. आमच्या इंदूरच्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे प्रखर क्ष-किरणांच्या स्रोतावर, प्रथिनांसाठी बीएल-२१ ही बीमलाइन (किरण प्रयोगापर्यंत आणणारी वाट) आहे. तिथे आधी फ्लुरोसन्स स्कॅन घ्या आणि १२.६६ केईव्ही ऊर्जेच्या आसपासचं सेलेनियमच्या शोषणाचं शिखर तुमच्याच स्फटिकावर शोधा. पुस्तकातला आकडा डोळे मिटून टाकू नका. अनॉमलस फरक (सेलेनियममुळे जोडीच्या ठिपक्यांच्या तीव्रतेत पडणारा फरक) जेमतेम काही टक्क्यांचा असतो, म्हणून तोच ठिपका पुन्हा पुन्हा मोजायला हवा, पण किरणांचा मारा बेताचा ठेवून. स्फटिक भाजला की सेलेनियमचा संकेत विरतो.

सेलेनियमच्या जागा सापडल्या की त्यांची उजवी-डावी, म्हणजे एकमेकांची आरशातली, दोन्ही रूपं चालवून नकाशे काढा. एका नकाशात प्रथिनांमधल्या द्रावकाचा भाग सपाट दिसेल आणि हेलिक्स उजवीकडे वळतील. बांधणी त्याच नकाशात सुरू करा.