मिनोल्टा एक्स-७०० : निकामी कपॅसिटर बदलण्याची रीत

सांगली-मिरजेतील जुन्या स्टुडिओंच्या माळ्यांवर आणि घरोघरच्या कपाटांत रोलचे जे कॅमेरे ‘बंद पडले’ म्हणून ठेवून दिलेले असतात, त्यांतले काही केवळ एका सुट्या भागासाठी अडून असतात. १९८१ साली बाजारात आलेला मिनोल्टा एक्स-७०० हे त्याचे ठळक उदाहरण आहे. त्याचे शटर सर्वस्वी विजेवर चालत असल्याने वीज साठवणारा एक लहानसा भाग, म्हणजे कपॅसिटर, निकामी झाला, की एरवी धडधाकट असलेला कॅमेरा जागच्या जागी अडकतो. तो कपॅसिटर घरी बदलता येतो, मात्र दोष नेमका त्याचाच आहे याची खात्री पटेपर्यंत एकाही स्क्रूला हात लावू नये.

खात्री करण्याची सुरुवात बॅटरीपासून करावी. या कॅमेऱ्याला दोन एलआर४४ किंवा एसआर४४ सेल लागतात आणि विजेचा दाब पुरेसा नसेल, तर तो शटर सोडतच नाही. म्हणून नवे सेल घालावेत आणि कप्प्यातील पितळी पट्ट्यांवर पांढरा किंवा हिरवट क्षार जमला असेल, तर कापसाच्या काडीने थोडेसे व्हिनेगर लावून तो काढावा व त्यावरून आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवावे. त्यानंतर शटरच्या बटणावर उघडे बोट ठेवून व्ह्यूफाइंडरमध्ये पाहावे. लाल दिवे मुळीच लागत नसतील, तर दोष बहुधा विजेच्या वाटेत, म्हणजे पट्ट्या, तारा किंवा मुख्य स्विच यांत आहे. दिवे नीट लागतात, पण बटण दाबूनही शटर उडत नाही आणि रोल पुढे ओढण्याचा लीव्हरही हलत नाही, अशी स्थिती असेल, तर कपॅसिटरवर संशय घ्यावा. लीव्हर अडकतो तो मोडल्यामुळे नव्हे. शटर आधीच ताणलेले असते आणि ते सुटल्याखेरीज लीव्हरला पुढे जाता येत नाही, म्हणून त्यावर जोर मुळीच करू नये.

या कपॅसिटरचे काम वीज साठवून ती एका झटक्यात शटर सोडणाऱ्या विद्युतचुंबकाला देण्याचे आहे. ॲल्युमिनियमच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधील द्रव वर्षानुवर्षे सुकत जातो किंवा रबरी बुचातून झिरपतो. मग साठा कमी होतो, आतला रोध वाढतो आणि चुंबकाला हवा तो झटका मिळत नाही.

महापुराच्या पाण्यात बुडालेल्या कॅमेऱ्याचा विचार वेगळा करावा लागतो. २००५ आणि २०१९ साली कृष्णेचे पाणी सांगलीत ज्या घरांत आणि दुकानांत शिरले, तिथल्या कॅमेऱ्यांच्या शटरमध्ये गाळ बसलेला असतो आणि लवचिक सर्किटपट्टीवरचे तांबे खाल्लेले असते. अशा कॅमेऱ्यावर नवा कपॅसिटर खर्ची घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची झाकणे, स्क्रू आणि शाबूत भाग मात्र दुसऱ्या कॅमेऱ्यासाठी जरूर जपून ठेवावेत.

मूळ कपॅसिटर २२० मायक्रोफॅरड, ४ व्होल्टचा असतो. नवा घेताना मायक्रोफॅरडचा आकडा तोच ठेवावा. व्होल्ट तेवढेच किंवा अधिक चालतात. टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात सहज मिळणारा २५ व्होल्टचा कपॅसिटर विजेच्या दृष्टीने योग्य असला, तरी तो आकाराने मोठा असल्याने झाकणाखाली मावत नाही. त्यामुळे ६.३ किंवा १० व्होल्टचा लहान टॅन्टलम (टॅन्टलम धातूचा) कपॅसिटर शोधावा. तो गावात न मिळाल्यास पुण्याला पासोड्या विठोबाजवळच्या किंवा मुंबईला लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानांत चौकशी करावी.

काम सुरू करण्यापूर्वी सेल काढून ठेवावेत. स्क्रूच्या माथ्यात घट्ट बसणारा, जपानी जेआयएस मापाचा स्क्रूड्रायव्हर वापरावा, कारण सैल बसणाऱ्या टोकाने ते मऊ माथे लगेच घासले जातात. खालचे झाकण उघडताच फोटो काढावा आणि त्यात जुन्या कपॅसिटरवरील पट्टा कोणत्या बाजूला आहे, हे स्पष्ट दिसत असल्याची खात्री करावी. सोल्डरिंग आयर्न बारीक टोकाचे, २५ वॅटपर्यंतचे आणि अर्थिंग असलेल्या तीन पिनांचे असावे. जुन्या सोल्डरवर किंचित फ्लक्स (सोल्डर नीट वाहावे म्हणून लावायचा लेप) लावून टोक दोन-तीन सेकंदच टेकवावे आणि सोल्डर वितळताच कपॅसिटरचा पाय चिमट्याने अलगद उचलावा. तो सुटला नाही, तर थांबून जागा थंड होऊ द्यावी आणि मग पुन्हा प्रयत्न करावा. सतत उष्णता दिल्यास सर्किटपट्टीवरील तांब्याचा ठिपका उखडतो आणि तो पूर्ववत बसवणे फार जिकिरीचे असते.

आता सर्वांत जास्त जपण्याची जागा येते. ॲल्युमिनियमच्या कपॅसिटरवरील पट्टा ऋण बाजू दाखवतो, तर चपट्या टॅन्टलम कपॅसिटरवरील पट्टा धन बाजू दाखवतो. पट्ट्यासमोर पट्टा ठेवून जोडणी केली, तर ती उलटी होते आणि टॅन्टलम कपॅसिटर आतून शॉर्ट होऊन जळू शकतो. म्हणून फोटोवरून आधी सर्किटवरची धन बाजू ठरवावी, तिथे बारीक खूण करावी आणि मगच सोल्डर लावावे. नव्या कपॅसिटरचे उघडे पाय झाकणाच्या पत्र्याला लागू नयेत, यासाठी त्यावर कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी, विजेला अडवणारी टेप) चिकटवावी.

काढलेला कपॅसिटर मल्टिमीटरवर मोजल्यास बहुधा २२० पेक्षा बराच कमी भरतो. तो १७६ ते २६४ या, म्हणजे २० टक्के कमी-अधिकच्या, मर्यादेत भरला, तरी आतला रोध साध्या मल्टिमीटरवर कळत नसल्याने परत बसवू नये.

झाकण लावण्यापूर्वी सेल घालून, रोल न भरता, मागचे दार उघडे ठेवून एक सेकंदापासून एक हजारांश सेकंदापर्यंतच्या सर्व गती तपासाव्यात. तरीही शटर अडत असेल, तर वरच्या झाकणाखालच्या दुसऱ्या कपॅसिटरकडे वळावे लागते. ते काम बरेच नाजूक आहे आणि पहिल्याच कॅमेऱ्यावर ते करू नये.

हीच रीत अंगचा फ्लॅश असलेल्या छोट्या कॅमेऱ्यांना जशीच्या तशी लावू नये. त्यांच्या फ्लॅशचा कपॅसिटर सेल काढल्यानंतरही ३०० व्होल्टच्या आसपास वीज धरून ठेवू शकतो. काही किलोओहमचा, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेशन असलेल्या तारांनी त्याच्या दोन टोकांना जोडून तो रिकामा करावा आणि मल्टिमीटरवर दाब शून्याजवळ आल्याचे पाहूनच आत बोट घालावे.