डीसी-साइन 'चालत नाही'? आधी बफरची बाटली बघा

डेंड्रायटिक पेशी ही रोगप्रतिकारक पेशी स्वतः बाधित न होताही डीसी-साइन या आपल्या पृष्ठभागावरच्या रिसेप्टरने एचआयव्ही धरून ठेवते आणि शेजारच्या टी पेशीच्या हवाली करते. हे हस्तांतर मोजण्याचा प्रयोग शिकायला येणारे सगळे ठरलेल्या खड्ड्यांतच पडतात.

गेल्या वर्षी एक विद्यार्थी तोंड पाडून आला. "मॅडम, डीसी-साइन विषाणू धरतच नाही." फ्लो सायटोमेट्रीत (अँटिबॉडी लावून पेशींवरची प्रथिनं मोजण्याच्या तंत्रात) रिसेप्टर भरपूर दिसत होता, धरलेला विषाणू मात्र शून्य. तीनदा करून झालं होतं. मोनोसाइट या रक्तपेशींपासून डेंड्रायटिक पेशी तयार व्हायला सहा दिवस लागतात. म्हणजे तीन आठवडे आणि तीन रक्तदाते वाया. मी त्याची बाटली उचलली. फ्लोचा तयार बफर, त्यात २ मिलिमोलर ईडीटीए! नवा बनवायचा कंटाळा, म्हणून धुणंही त्यातच.

डीसी-साइन सी-टाइप लेक्टिन (साखर धरणारं प्रथिन) आहे, आणि 'सी' म्हणजे कॅल्शियम. विषाणूच्या जीपी१२० या प्रथिनावरची मॅनोज साखर तो कॅल्शियमच्या आधारानेच पकडतो. ईडीटीए कॅल्शियम ओढून घेतं, पकड सुटते. अँटिबॉडीला कॅल्शियम लागत नाही, म्हणून आलेख मात्र झकास. रिसेप्टर दिसतो याचा अर्थ तो काम करतोय असा नाही, हे किती वेळा सांगायचं? आता माझ्याकडे ईडीटीएच्या बाटलीला लाल टेप असते. कंट्रोल म्हणून (तुलनेसाठी) प्लेटच्या एका वेलमध्ये, म्हणजे खळग्यात, ईडीटीए मी मुद्दाम घालते.

एलपीएसने (जिवाणूंच्या आवरणातल्या रेणूने) परिपक्व केलेल्या डेंड्रायटिक पेशींत मॅनन (डीसी-साइनची पकड अडवणारी मॅनोजची साखळी) घालूनही प्रसार थांबला नाही तर मॅननच्या बाटलीला दोष देऊ नका. तिथे सूत्रं सिग्लेक-१ या दुसऱ्या रिसेप्टरकडे असतात. विषाणू यजमान पेशीच्या पटलातून बाहेर पडताना जीएम३ हे लिपिड सोबत नेतो, सिग्लेक-१ तेच धरतो. मॅननचा त्याच्याशी संबंध नाही. सिग्लेक-१ ला अडवणारी अँटिबॉडी वापरा.

टी पेशी घालण्याआधी न धरला गेलेला विषाणू नीट धुवून टाका. एकदा नाही, तीनदा.

टी पेशींविना एक वेल ठेवाच, नाहीतर डेंड्रायटिक पेशीच बाधित झाली का हे कळणार नाही.

जर्कॅट या टी पेशींवर सीसीआर५ (विषाणूला आत शिरायला लागणारा रिसेप्टर) जवळपास नसतो. सीसीआर५ वापरणारा विषाणू घालून वाट बघत बसू नका.

आणि पेशींची ओळख पटवा. डीसी-साइनच्या सुरुवातीच्या कामात टीएचपी-१ (मोनोसाइटसारख्या पेशी) समजून वापरलेल्या पेशी प्रत्यक्षात 'राजी' नावाच्या बी पेशी निघाल्या, हे २००४ साली छापून आलं. विषाणू पुढे देण्याचं कसब या दोघींत सारखं नाही, त्यामुळे निष्कर्षच हलतात. एसटीआर तपासणीचा (डीएनएवरून पेशींची ओळख पटवण्याचा) कागद आल्याशिवाय नव्या पेशींना माझ्या इन्क्युबेटरमध्ये जागा नाही, मग विद्यार्थी कितीही घाईत असो.