जुन्या अमेरिकन पाणबुडीचं चरित्र कसं उभं करावं: एच-३ची वही

माझ्याकडे दोनशेपानी वह्यांचा एक गठ्ठा आहे. एका वहीत एकच पाणबुडी, आणि सगळ्या अमेरिकन नौदलाच्या अगदी सुरुवातीच्या काळातल्या. माझी तीस वर्षं डिझेल इंजिनं उघडण्यात आणि पुन्हा बसवण्यात गेली. त्यामुळे या बोटींकडे मी आधी यंत्र म्हणूनच पाहिलं, आतली माणसं नंतर दिसायला लागली. तुम्हालाही अशी एखादी वही भरायची असेल, तर मी एच-३ची वही कशी भरली ते सांगतो.

सुरुवातीलाच एक सांगतो. बहुतेक ठिकाणी या बोटींचं आयुष्य दोन ओळींत उरकलेलं असतं. पहिल्या पाणबुडीचंच बघा. 'हॉलंड' नौदलाने ११ एप्रिल १९०० रोजी दीड लाख डॉलरना घेतली आणि १९१३ साली भंगारात शंभर डॉलरना विकली. आकडे खरे आहेत, पण एवढ्यावर वही मिटली तर बोटीने मधल्या काळात काय केलं हे कळतच नाही. माझ्या मते चरित्र म्हणजे तो मधला काळच. इंजिन बंद पडलं, बॅटरी बदलली, महिनाभर धक्क्याला बांधून ठेवली, कोणी तिला ओढून नेलं, हे सगळं त्यात यायला हवं.

आधी नाव नक्की करा. इथे भलेभले फसतात. त्या काळातल्या बोटींना माशांची नावं होती. १७ नोव्हेंबर १९११ रोजी ती बदलून अक्षर आणि आकडा अशी पद्धत आली. 'गारफिश'ची एच-३ झाली, 'स्केट'ची एफ-४, 'स्टर्जन'ची ई-२. एच-३चा कणा, म्हणजे बांधणीची सुरुवात, ३ एप्रिल १९११ रोजी सिॲटलला बसवला तेव्हा ती 'गारफिश' होती, आणि ३ जुलै १९१३ रोजी पाण्यात उतरली ती एच-३ म्हणून. म्हणजे कणा बसवल्याच्या बातम्या एका नावाखाली शोधायच्या आणि जलावतरणाच्या दुसऱ्या. त्यात गोदीचंही नाव मधेच बदललं. मोरान कंपनीची 'सिॲटल कन्स्ट्रक्शन अँड ड्रायडॉक' झाली. एच-३चा 'एसएस-३०' हा नौदलाचा क्रमांक तर १७ जुलै १९२० नंतरचा. १९१४च्या फोटोखाली 'एसएस-३०' लिहिलेलं दिसलं, तर ती ओळ नंतर कोणीतरी लिहिलेली आहे हे ओळखा.

याच टप्प्यावर माझ्या हातून एक चूक झाली होती. एच-३ जुलै १९१६मध्ये एड्रियाटिक समुद्रात सुरुंगावर आपटून बुडाली, असं मी वहीत लिहून ठेवलं. ती ब्रिटिश एच-३ होती. माझ्या बोटीसारखीच इलेक्ट्रिक बोट या अमेरिकन कंपनीच्या आराखड्यावर बांधलेली, आणि नावही तेच. माझी बोट तेव्हा पॅसिफिकच्या किनाऱ्यावर धडधाकट होती. तेव्हापासून प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर मी लाल शाईने देश, गोदी आणि सगळी जुनी-नवी नावं लिहितो. तुम्हीही लिहा.

नाव ठरलं की सांगाडा उभा करा. अमेरिकन नौदलाच्या इतिहास विभागाने, म्हणजे नेव्हल हिस्टरी अँड हेरिटेज कमांडने, जवळजवळ प्रत्येक जहाजाचं छोटं चरित्र प्रसिद्ध केलेलं आहे आणि ते इंटरनेटवर फुकट वाचता येतं. त्यातून सहा तारखा घ्या. कणा बसवला, जलावतरण, नौदलात दाखल, सेवेतून बाहेर, यादीतून नाव वगळलं, विक्री. सहाही वेगळ्या लिहा, एकीत दुसरी मिसळू देऊ नका. एच-३ दाखल झाली १६ जानेवारी १९१४ रोजी, सेवेतून बाहेर पडली २३ ऑक्टोबर १९२२ रोजी, नाव वगळलं गेलं डिसेंबर १९३०मध्ये आणि विकली गेली १९३१मध्ये. शेवटच्या दोन घटनांआधीची आठ वर्षं ती नुसती पडून होती. तारखा वेगळ्या लिहिल्या नसत्या तर ही आठ वर्षं मला दिसलीच नसती.

आता खरं काम, म्हणजे लॉगबुक, जहाजाची रोजची नोंदवही. अमेरिकन नौदलाच्या जहाजांची त्या काळातली लॉगबुकं वॉशिंग्टनच्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये रेकॉर्ड ग्रुप २४ या गटात आहेत आणि बरीचशी स्कॅन होऊन त्यांच्या कॅटलॉगमध्ये आली आहेत. पहिल्यांदा पान उघडलं की निराशा होते. वारा, हवेचा दाब, तापमान, रकानेच रकाने. समोरच्या पानावर पाळीनुसार शेरे. मध्यरात्रीपासून चार-चार तासांच्या पाळ्या, संध्याकाळी चार ते आठच्या मध्ये मात्र दोन-दोन तासांच्या दोन छोट्या पाळ्या, आणि प्रत्येक पाळीखाली अधिकाऱ्याची सही. दिवसच्या दिवस तेच ते. धक्क्याला बांधलेली, डागडुजी सुरू, बॅटरी चार्जिंग, अमक्याला रजा, तमक्याला शिक्षा.

कंटाळून पानं उलटू नका. मी काय करतो ते सांगतो. एक महिना घेतो आणि वहीत तीन रकाने आखतो: समुद्रात, धक्क्याला, दुरुस्तीत. प्रत्येक दिवसाला एक टिंब. महिन्याच्या शेवटी टिंबांकडे नुसतं बघायचं. ज्या महिन्यात दुरुस्तीचा रकाना काळा झालेला दिसतो, त्या महिन्याचे शेरे पुन्हा शब्दन् शब्द वाचायचे. उजवं इंजिन उघडलं, हा शेरा तीन आठवडे रोज आला, तर त्या तीन आठवड्यांत काय चाललं असेल हे मी हाताने काम केलेलं असल्यामुळे मला दिसतं. जेमतेम १५० फूट लांबीची बोट, पंचवीसएक माणसं, आणि इंजिनखोलीत दोन डिझेल इंजिनांच्या मधून वाकून जाण्यापुरती जागा. पाळीच्या माणसाने ते सगळं एका ओळीत लिहिलं, कारण त्याच्यासाठी तो रोजचा दिवस होता.

यंत्रांसाठी वहीची पाच पानं वेगळी ठेवा. पेट्रोलवर चालणारी बोट की डिझेलवरची, हे आधी लिहा. सुरुवातीच्या बोटी पेट्रोलच्या होत्या आणि बंद पोलादी नळकांड्यात पेट्रोलची वाफ म्हणजे रोजचा धोका. ई आणि एफ वर्गांपासून डिझेल आलं. त्याखाली बॅटरीचा प्रकार लिहा, कारण या बोटींचं जगणं-मरणं बॅटरीवर होतं. एफ-४ २५ मार्च १९१५ रोजी होनोलुलूबाहेर २१ माणसांसह ३०६ फूट खोल गेली. पाच महिन्यांनी, २९ ऑगस्टला, तिला वर काढलं तेव्हा चौकशीत कारण निघालं ते बॅटरीच्या टाकीचं. टाकीचं शिशाचं अस्तर गंजलं होतं आणि समुद्राचं पाणी आत झिरपत होतं. शिशाच्या बॅटरीतल्या आम्लात खारं पाणी गेलं की क्लोरीन वायू सुटतो. एडिसनच्या बॅटरीत ती भीती नव्हती, म्हणून ई-२वर ती बसवली. पण ती हायड्रोजन सोडायची, आणि १५ जानेवारी १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या नौदल गोदीत त्या हायड्रोजनचा स्फोट होऊन चार माणसं गेली, सात जखमी झाली. तुमची बोट कोणतीही असो, त्या काळातली 'बॅटरी चार्जिंग' ही दोन शब्दांची नोंद वाचताना हे दोन अपघात आठवा.

यानंतर शेजाऱ्यांकडे वळा. पाणबुडी क्वचितच एकटी असायची. तिच्यासोबत एक मदतनौका असे, आणि बोटीच्या लॉगमध्ये जिथे एक ओळ असते तिथे मदतनौकेच्या लॉगमध्ये अर्धं पान मिळू शकतं. एच-३ची मदतनौका होती 'चेयेन', जुन्या पद्धतीचं मॉनिटर, म्हणजे पाण्यालगत बसकं असलेलं तोफांचं जहाज. मला एच-३चा सगळ्यात मोठा प्रसंग शेजाऱ्यांच्या कागदांतूनच नीट कळला.

१४ डिसेंबर १९१६च्या सकाळी दाट धुक्यात एच-३ उत्तर कॅलिफोर्नियात युरेकाजवळ सामोआ बीचवर चढली. लाटा तिला आडवी-उभी हलवत होत्या. किनाऱ्यावरच्या कोस्ट गार्डच्या माणसांनी बोटीपर्यंत दोर पोचवला आणि त्या दोरावरून सरकणाऱ्या, खाली विजार शिवलेल्या कडीत एकेकाला बसवून बाहेर ओढलं. सगळे वाचले. बोट मात्र वाळूत रुतली. आता तिला ओढून काढायला 'मिलवॉकी' आली, नऊ हजार सातशे टनांची क्रूझर. १३ जानेवारी १९१७ रोजी जाड दोर बांधून ओढायला गेली आणि प्रवाहाने तिलाच किनाऱ्यावर आणून टाकलं. तिच्यावरची चारशेहून जास्त माणसं सुखरूप उतरली, पण क्रूझर कायमची गेली.

हे इथपर्यंत कुठेही वाचायला मिळेल. पुढचं शोधा. समुद्राच्या बाजूने जमत नाही म्हटल्यावर युरेकाच्या मर्सर-फ्रेझर या स्थानिक कंत्राटदारांना १८ हजार डॉलरचं काम दिलं गेलं. त्यांनी बोट उचलून लाकडी ओंडक्यांवर ठेवली आणि वाळूच्या टेकड्या ओलांडून, जमिनीवरून, पलीकडच्या हम्बोल्ट उपसागरात नेली. २० एप्रिल १९१७ रोजी ती पुन्हा पाण्यात उतरली. मधल्या काळात, ६ एप्रिलला, अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली होती. बोट पाण्यात नव्हती आणि देश युद्धात होता, अशी दोन आठवड्यांची पानं माझ्या वहीत आहेत. या भागासाठी स्थानिक वर्तमानपत्रं लागतात. लायब्ररी ऑफ काँग्रेसने जुनी वर्तमानपत्रं स्कॅन करून ठेवलीत. शोधताना फक्त बोटीचं नाव टाकू नका. गावाचं नाव, मदतनौकेचं नाव, कंत्राटदाराचं नाव, असे वेगवेगळे टाकून बघा.

फोटो मिळाला तर तारखेवर लगेच विश्वास ठेवू नका. एच-३ वाळूत असतानाच्या फोटोत मागे समुद्रात क्रूझर दिसते का ते पाहा. किनाऱ्याला अडकलेली दिसली तर फोटो १३ जानेवारीनंतरचा. बोट ओंडक्यांवर असेल तर आणखी नंतरचा. मी असे फोटो वहीत चिकटवतो आणि तारीख पेन्सिलने लिहितो. दुसरा पुरावा मिळाला की मगच शाईने.

युद्धानंतरची वर्षं भराभर होतात. एच-३ कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर सराव करत राहिली. तिच्या बहिणीचं, एच-१चं, पान मात्र शेजारी ठेवा. मार्च १९२०मध्ये एच-१ मेक्सिकोच्या मॅग्डालेना उपसागराजवळ उथळ पाण्यात रुतली, चार माणसं गेली, त्यात बोटीचा कप्तानही होता. दहा-बारा दिवसांनी ओढून नेताना बोट बुडाली. १९२२ साली एच-३ पूर्व किनाऱ्यावर आली आणि सेवेतून बाहेर पडली.

वहीतलं शेवटचं पान मी 'मिलवॉकी'ला दिलं आहे. जी बोट वाचवायला ती आली होती ती आणखी पाच वर्षं चालली आणि भंगारात गेली, तिचा आज पत्राही सापडत नाही. 'मिलवॉकी'चं लोखंड सामोआ बीचच्या वाळूत अजून आहे आणि ओहोटी खूप खाली गेली की दिसतं. तो फोटो त्या पानावर चिकटवला आहे, खाली तारीख शाईने.