गडावर जाताना मोबाइल: अडचणीत उपयोगी पडावा म्हणून

सह्याद्रीत घळीत किंवा दरीत उतरलं की रेंज जाते. म्हणून मोबाइलची खरी तयारी घरीच, आदल्या रात्री करावी.

फोन आणि पॉवर बँक पूर्ण चार्ज करा. गूगल मॅप्सवर त्या भागाचा नकाशा डाउनलोड करून ठेवा. रेंज नसली तरी जीपीएस चालतं, पण नकाशा आधी उतरवलेला नसेल तर निळ्या ठिपक्याभोवती कोरा पडदाच दिसतो. सेटिंगमध्ये आपत्कालीन माहिती भरा: रक्तगट, अ‍ॅलर्जी, घरच्यांचे नंबर. तुम्ही बेशुद्ध असलात तरी लॉक न उघडता ती सोबत्यांना वाचता येते. हे काम कृपा करून टाळू नका, पाच मिनिटं लागतात.

निघताना घरी मेसेज करा: "पाचनईतून हरिश्चंद्रगड, उतरणार पाचनईलाच, रात्री आठपर्यंत फोन करतो." पायथ्याच्या गावात जिथे जेवण सांगितलंय, त्या घरचा नंबरही त्यात लिहा. मदतीला बहुतेक वेळा आधी गावकरीच पोचतात.

चढायला लागलात की एअरप्लेन मोड लावा. रेंज शोधत राहणारा फोन बॅटरी भराभर संपवतो. उजेडासाठी वेगळी बॅटरी न्या, फोनचा टॉर्च नको. पावसाळ्यात फोन प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. आणि कड्याच्या टोकावर फोटोसाठी मागे सरकू नका.

कुणी पडलं किंवा वाट चुकली, तर आधी आहात तिथेच थांबा. एअरप्लेन मोड काढून 112 हा आपत्कालीन नंबर लावा. तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीची असेल, तर हा कॉल लागू शकतो. अ‍ॅम्ब्युलन्ससाठी 108. फोन मध्येच तुटू शकतो, म्हणून पहिल्या वाक्यात ठिकाण सांगा: गड, वाट, जवळची खूण. मग काय झालंय, किती जण आहेत ते. नकाशात निळ्या ठिपक्यावर बोट दाबून धरलं की त्या जागेचे दोन आकडे (अक्षांश, रेखांश) मिळतात, तेही वाचून दाखवा. राजगडावर पहिला 18 ने सुरू होतो, हरिश्चंद्रगडावर 19 ने. दुसरा दोन्हीकडे 73 ने. कॉल लागतच नसेल तर हेच साध्या एसएमएसने घरी पाठवा. रेंज अगदी क्षीण असली तरी तो कधी कधी जातो.

संपर्क झाला की तोच एक फोन चालू ठेवा, बाकीच्यांचे बंद करा. शोधायला येणारे त्याच नंबरवर फोन करतील. रेंजसाठी धुक्यात किंवा अंधारात एकट्याला वर पाठवू नका.

आणि सुखरूप उतरलात तर पहिला फोन घरी करा. आठ वाजून गेले की ते तुमची शोधाशोध सुरू करतील.