काम सुरूच होईना? आधी शंभर दाणे मोजा

घरच्या सोयाबीनची उगवण चाचणी मे महिन्यातच करायची असते. आबा दरवर्षी सांगून सांगून थकतात अन् मी आपला "उद्या करतो की" म्हणत मोबाईल घेऊन पडलेला, अन् उद्या उद्या करता मृग तोंडावर येतो. मागल्या वर्षी ते वैतागले, मूठभर सोयाबीन ताटात ओतून माझ्यापुढं ठेवलं, "पेरणीचं नंतर बघू, तू शंभर दाणे तेवढे मोज." मोजले. मग दाणे मोजलेच म्हणल्यावर गोणपाट भिजवलं, दहा-दहाच्या ओळीत मांडले, गुंडाळून सावलीत ठेवलं, रोज पाणी शिंपडलं अन् आठवड्यानं उघडलं तर 74 उगवलेले. 70 च्या वर असले की बियाणं पेरायला चालतं. तीन आठवडे टाळलेलं काम, मोजायला दहा मिनिटं बी लागली नाहीत!

तेव्हापासून अडकलेल्या कामाला मी हेच करायलो.

आधी कागदावर काम लिहायचं, पण हाताला कळेल असं. "पीक विमा भरणे" लिहिलं की छातीवर धोंडा. "कपाटातून सातबारा काढणे" लिहा. एमपीएससीवाल्या पोरांनी "पॉलिटीचा अभ्यास" न लिहिता "मूलभूत हक्क, पहिली दोन पानं" लिहावं. वाचून लगेच उठावं वाटत नसेल तर अजून तुकडा पाडा.

मग रात्रीच सामान समोर काढून ठेवा. मी सातबारा, आठ-अ, आधार, पासबुक एका पिशवीत घालून गाडीच्या हँडलला अडकवतो, सकाळी गाडी काढायची तर पिशवीला हात लागतोच. खरिपाच्या विम्याला 31 जुलैपर्यंत थांबलात तर सेंटरवर ही रांग अन् वरून सर्व्हर डाऊन, मी भोगलंय ते.

वेळ ठरवताना "सकाळी करीन" नको, "चहाचा कप विसळला की बसायचं" असं ठरवा. अन् आपल्याकडच्या उन्हाळ्यात अकरानंतर डोकं चालत नाही, त्याला आळस म्हणू नका, अवघड काम नऊच्या आत उरका.

बसल्यावर दहाच मिनिटं. पोमोडोरो म्हणून 25 मिनिटांची पद्धत आहे, फ्रान्सेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन माणसानं टोमॅटोच्या आकाराचं किचन टायमर लावून काढलेली, पण सुरुवातीला 25 मला तरी झेपत नाहीत. फोन तेवढा वेळ ज्वारीच्या कोठीवर.

एवढं करूनही चार दिवस हलेना तर बहुतेक आळस नसतो, काहीतरी माहीत नसतं. कर्जाच्या कागदाला मी महिनाभर हात लावला नव्हता, कारण कोणते कागद लागतात हेच माहीत नव्हतं अन् विचारायची लाज. अशा वेळी पहिलं काम म्हणजे फोन: "अण्णा, ह्याला काय काय लागतं हो?"