टँग माशांना समुद्री शेवाळ कसं खाऊ घालावं

येलो टँग, पावडर ब्लू, सेलफिन, फॉक्सफेस रॅबिटफिश हे सगळे चरणारे मासे आहेत. समुद्रात दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत ते प्रवाळखडकांवरचं शेवाळ खुडत फिरतात. घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत मात्र त्यांच्या वाट्याला बहुधा सकाळ-संध्याकाळ चिमूटभर पेलेट (तयार दाणे) आणि थोडं फ्रोझन मायसिस (कोळंबीसारखे गोठवलेले बारीक जीव) येतं. मासा त्यावर जगतो. पण हळूहळू त्याचं पोट आत जातं, रंग उतरतो आणि तो टाकीतल्या इतरांच्या अंगावर धावून जायला लागतो. लोक याला माशाचा स्वभाव समजतात. पुष्कळदा तो उपाशी असतो, एवढंच.

म्हणून शेवाळ हा अधूनमधून द्यायचा खाऊ नाही, ते या माशांचं रोजचं जेवण आहे. कमी द्या, पण रोज द्या, आणि दिवसातले जास्तीत जास्त तास त्यांना काहीतरी खुडायला राहील असं बघा. पुढचं सगळं याच एका गोष्टीसाठी आहे.

कारण त्यांच्या आतड्यात आहे. शेवाळ खाणाऱ्या सर्जनफिशचं (टँग याच कुळातले) आतडं लांब असतं आणि त्यात जिवाणूंची मोठी वस्ती असते. तांबड्या समुद्रातल्या एका तपकिरी सर्जनफिशच्या आतड्यात १९८५ मध्ये सापडलेला एप्युलोपिशियम हा जीव अर्ध्या मिलिमीटरहून लांब, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसेल इतका मोठा होता. इतका मोठा जिवाणू असू शकतो हे तेव्हा कुणाच्या मनातही आलं नव्हतं. तो जिवाणूच आहे हे १९९३ मध्ये जनुकीय तपासणीतून नक्की झालं. पोटात असा संसार वागवणाऱ्या माशाला दिवसातून दोनदा घाईघाईत मिळणारं प्रथिनांचं जेवण पुरत नाही.

आधी आपला मासा ओळखा

झेब्रासोमा जातीचे टँग (येलो, पर्पल, सेलफिन), अकँथुरस जातीतले पावडर ब्लू आणि कन्व्हिक्ट, तसेच सगळे रॅबिटफिश नोरी, म्हणजे सुकवलेल्या समुद्री शेवाळाची पानं, आवडीनं खातात. निळा हिपो टँग समुद्रात बराचसा प्लवकांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांवर, जगतो. त्याला नोरी द्या, पण सोबत मायसिसही हवं. कोल टँग आणि त्याच्या भाऊबंदांचे दात ब्रशसारखे असतात. ते खडकावरचा पातळ थर खरवडतात, पान फाडणं त्यांना तितकंसं जमत नाही. लॉनमोअर ब्लेनीचंही तसंच आहे. टाकी चकचकीत स्वच्छ ठेवणाऱ्यांच्या घरी हा मासा उपासमारीनं मरतो, कारण काहींना नोरी हे अन्न आहे हे कधी कळतच नाही. अशा माशासाठी मागची काच न घासता तशीच राहू द्या. ड्वार्फ एंजलही मधूनमधून नोरीचा लचका तोडतात. क्लाउनफिश आणि रॅस यांच्यासाठी नोरी लावायची गरज नाही.

कुठली नोरी घ्यायची

सुशीसाठी मिळते ती साधी नोरी. मोठ्या सुपरमार्केटात आणि ऑनलाइन ती सहज मिळते. पाकीट उलटं करून घटकांची यादी वाचा. तिथे समुद्री शेवाळाखेरीज काहीही लिहिलेलं असेल तर ते पाकीट परत ठेवा. मुलं चिप्ससारखी खातात त्या कोरियन पद्धतीच्या नोरीला तिळाचं तेल आणि मीठ लावलेलं असतं, तर जपानी चवदार नोरीत सोया सॉस आणि साखर असते. ही दोन्ही टाकीत नकोत. तेलाचा तवंग पाण्यावर पसरतो आणि प्रोटीन स्किमर (फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) फेस काढायचं थांबवतो.

हिरवी, जांभळी असे प्रकार बघून गोंधळू नका. नोरी हे मुळात लाल गटातलं शेवाळ आहे. भाजल्यावर त्यातलं लाल रंगद्रव्य मोडतं आणि हिरवा रंग वर येतो. न भाजलेली पानं जांभळट काळी दिसतात. मासे दोन्ही खातात. मला न भाजलेली जास्त पसंत आहे, कारण ती पाण्यात जरा जास्त वेळ टिकते. सुशीसाठीच्या महागड्या दर्जाची इथे काहीच गरज नाही.

ही पानं जगभर इतकी सहज मिळतात, त्याचं बरंचसं श्रेय ब्रिटिश शैवालतज्ज्ञ कॅथलीन ड्रू-बेकर यांना आहे. या शेवाळाच्या आयुष्यातला एक टप्पा शिंपल्याच्या कवचात बारीक धाग्यांच्या रूपात जातो, हे त्यांनी १९४९ मध्ये दाखवून दिलं. त्यानंतर जपानमध्ये नोरीचं बियाणं हुकमी तयार करता येऊ लागलं. तोवर तिथल्या शेतकऱ्यांना समुद्र देईल त्यावर अवलंबून राहावं लागायचं.

घरातला पालक किंवा लेट्यूस चालेल का, असं नेहमी विचारतात. नोरी संपलेली असेल तर एखाद्या दिवशी चालेल. पण जमिनीवरच्या पालेभाजीत समुद्री शेवाळातलं आयोडीन आणि मेदाम्लं नसतात. गोड्या पाण्यातल्या प्लेको माशाला काकडी घालतात, तो हिशोब इथे लावू नका.

पान कापणं आणि भिजवणं

नोरीचं अख्खं पान साधारण १९ बाय २१ सेंटिमीटरचं असतं. कोरड्या हातांनी, कोरड्या कात्रीनं त्याच्या पट्ट्या कापा. एक-दोन मध्यम टँग असतील तर सुरुवातीला पाच बाय आठ सेंटिमीटरची पट्टी पुरे. पट्टीची एकदा घडी घाला. दुहेरी पान लवकर विरघळत नाही आणि माशाला ओढून फाडायला जोर लावावा लागतो. त्यांना तेच हवं असतं.

लावण्याआधी पट्टी टाकीच्याच पाण्यात दोन-तीन सेकंद बुडवा. कोरडी पट्टी पाण्यावर तरंगते आणि तिच्यातले बुडबुडे पाहून मासे बिचकतात. जास्त भिजवली तर लगदा होतो. सागरी माशांसाठीच्या जीवनसत्त्वांचे थेंब टाकायचे असतील तर कोरड्या पट्टीवर टाका, ते मुरू द्या आणि मग पट्टी लावा. लसणाचा रस लावल्यानं काही मासे खाण्याकडे लवकर वळतात. पण लसणानं व्हाइट स्पॉट (अंगावर पांढरे ठिपके उठणारा परजीवी रोग) बरा होतो असं समजून खऱ्या उपचाराला उशीर करू नका.

क्लिप कुठे लावायची

सक्शन कप किंवा चुंबक असलेली प्लास्टिकची क्लिप घ्या. चुंबकाची असेल तर चुंबक प्लास्टिकमध्ये पूर्ण बंद आहे ना, ते तपासा. कपडे वाळवायचा चिमटा वापरू नका, त्याची स्प्रिंग खाऱ्या पाण्यात काही दिवसांत गंजते. तांब्याचा अंश असलेला कुठलाही धातू पाण्यात गेला तर कोळंबी, गोगलगाई आणि प्रवाळ मरतात.

जागा निवडताना पाण्याचा प्रवाह बघा. पान हलकंसं डुलायला हवं. वेव्हमेकरच्या (प्रवाह करणाऱ्या पंपाच्या) तोंडासमोर लावलं तर पाच मिनिटांत चिंध्या होऊन पंपाच्या जाळीत अडकतात. अगदी स्थिर कोपऱ्यात लावलं तर मासे तिकडे फिरकत नाहीत. ओव्हरफ्लोपासून (पाणी टाकीबाहेर जाण्याच्या जागेपासून) लांब, टाकीच्या मधल्या उंचीवर आणि दंश करणाऱ्या प्रवाळांच्या आवाक्याबाहेर लावा. जागा ठरली की ती बदलू नका. काही दिवसांत तुमचा हात दिसताच मासे तिथे गोळा होतील.

एकाहून जास्त टँग असतील तर दोन क्लिपा टाकीच्या दोन टोकांना लावा, मधे खडक येईल अशा. सर्जनफिशच्या शेपटीच्या बुडाशी धारदार काटा असतो आणि खाण्यावरून भांडताना तो एकमेकांना लागतो. एकच क्लिप असेल तर दांडगा मासा तिचा ताबा घेतो आणि दुसरा रोडावत जातो. त्याच काट्यामुळे क्लिप लावताना हात सावकाश घाला आणि सावकाश काढा.

किती वेळ ठेवायची, किती घालायची

दिवे लागल्यावर अर्ध्या-पाऊण तासानं नोरी लावा. दुपारपर्यंत ती संपत आली तर प्रमाण बरोबर आहे. वीस मिनिटांत फस्त झाली तर उद्या पट्टी मोठी करा किंवा दुपारी दुसरी लावा. संध्याकाळी अर्धी उरली तर उद्या लहान करा. उरलेली नोरी दिवे बंद होण्यापूर्वी काढायचीच, त्यात कसूर नको. रात्रभर राहिलेलं पान कुजतं, आणि त्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस पाण्यात उतरून नायट्रेट आणि फॉस्फेट म्हणून तुमच्या टेस्ट किटमध्ये दिसतो. रोज नोरी सुरू केल्यावर पहिला महिनाभर दर आठवड्याला हे दोन्ही मोजा. आकडे चढले तर आधी काढण्याची वेळ पाळा आणि पाणी बदला. माशाचं खाणं तोडणं अगदी शेवटी.

प्रमाण खरं कळतं ते माशाच्या अंगावरून. टँगला समोरून बघा. डोक्यामागची पाठ भरलेली आणि पोट किंचित गोल हवं. पाठीची धार उठून दिसत असेल तर मासा कमी खातोय, मग क्लिप रोज रिकामी होत असली तरी ती दुसराच कोणी रिकामी करतोय. डोक्यावर आणि अंगाच्या मधल्या रेषेवर खड्डे पडायला लागले तर आहार सुधारा आणि फिल्टरमधला ॲक्टिव्हेटेड कार्बनही तपासा. भुकटी सोडणाऱ्या कार्बनचा या झिजेशी संबंध दिसून आलेला आहे.

आठवड्यातून दोन-तीन वेळा मायसिस आणि रोज थोडे स्पिरुलिना (सूक्ष्म निळं-हिरवं शेवाळ) असलेले पेलेट चालू ठेवा. मिळालं तर तांबडं डल्स किंवा ताजं ग्रॅसिलारिया ही लाल शेवाळंही द्या.

नवा मासा नोरीकडे बघतही नाही, तेव्हा

इथे घाई केली की मासा हातचा जातो. दुकानातून आलेला टँग, विशेषतः पावडर ब्लू, बरेच दिवसांचा उपाशी असू शकतो आणि काचेवर लटकणारं काळं पान त्यानं आयुष्यात पाहिलेलं नसतं. त्याला शेवाळ खडकावरच माहीत असतं. म्हणून मुठीएवढ्या खडकाला पट्टी रबरबँडनं बांधा आणि तो क्वारंटाइन टाकीत (नवा मासा आधी वेगळा ठेवतात त्या टाकीत) खाली ठेवा. संध्याकाळी रबरबँड मोजून बाहेर काढा. तेवढ्यानं जमलं नाही तर नोरीचे नखाएवढे तुकडे मायसिसमध्ये मिसळून प्रवाहात सोडा. सगळ्यात हमखास उपाय म्हणजे जिवंत उल्वा (हिरवं, पानासारखं शेवाळ) किंवा ग्रॅसिलारिया, ते पाहून हट्टी मासासुद्धा बहुधा तोंड लावतो. तो खात नसला तरी रोज ताजी पट्टी लावत राहा. एकदा पहिला लचका तोडला की पुढे सांगावं लागत नाही.

किनाऱ्यावरचं शेवाळ आणि घरचं शेवाळ

पावसाळा सरल्यावर कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीला हिरवंगार उल्वा दिसतं, आणि ते फुकट आहे म्हणून मोह होतो. मुंबईच्या आसपासचं शेवाळ आणूच नका. सांडपाण्यातले जड धातू शेवाळात साठतात. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथून काही उचलायचं नाही. प्रवाळ आणि प्रवाळखडक तर कुठूनच नाही, तो वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. स्वच्छ जागेहून ओंजळभर आणलंत तर बारीक खेकडे आणि किडे निघून जातील असं टाकीच्या खारटपणाच्या पाण्यात चार-पाच वेळा खळबळून घ्या.

त्यापेक्षा घरी वाढवा. २०-३० लिटरचा पारदर्शक प्लास्टिकचा डबा, एअरस्टोन आणि दहा-बारा तास उजेड एवढ्यावर उल्वा वाढतं. टाकीचं बदललेलं पाणी ओतून न देता त्यात घाला. माशांना नको असलेलं नायट्रेट शेवाळाचं खत आहे. बाष्पीभवनानं पाणी घटलं की आरओचं गोडं पाणी घालून पातळी राखा. बाल्कनीत डबा ठेवत असाल तर मे महिन्याच्या दुपारी सावली करा आणि पावसात झाकण लावा. एका सरीत खारटपणा पार उतरतो.

साठवण आणि सुट्ट्या

आपल्याकडच्या पावसाळी हवेत उघडं पाकीट दोन दिवसांत मऊ पडतं. नोरी हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, आणि मोठा साठा असेल तर डबा फ्रीझरमध्ये. फ्रीझरमधून काढलेला डबा लगेच उघडू नका. तो खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर आतल्या पानांवर दव धरतं. कुबट वास आला किंवा पांढरे ठिपके दिसले तर पाकीट टाकून द्या.

चार-पाच दिवस गावाला जाणार असाल तर रोजच्या पट्ट्या कापून तारीख लिहिलेल्या पुड्यांत भरा आणि त्या शेजाऱ्यांकडे द्या. क्लिप लावून आणि काढून एकदा त्यांच्यासमोर दाखवा. संध्याकाळी उरलेलं पान काढायला येणं त्यांना जमणार नसेल, तर त्या दिवसांत नोरी लावूच नका. ऑटोफीडरवर स्पिरुलिना पेलेटचे दिवसातून तीन-चार छोटे हप्ते लावा आणि परत आल्यावर त्याच दिवशी क्लिप भरा.