ऊस डोक्यावर गेला, भात पोटरीत आलं: आता शिवार वरून बघा

भाद्रपद सरत आला की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात शेतकऱ्याची एक अडचण दरवर्षी ठरलेली. ऊस डोक्यावर गेलेला, आत शिरायला वाट नाही. खानापूरकडचं भात पोटरीत आलेलं किंवा निसवायला लागलेलं, चिखल तुडवत प्रत्येक वाफ्यात जाणं होत नाही. मग बांधावरून दिसेल तेवढ्यावरच आपण पाण्याचा, खताचा, फवारणीचा निर्णय घेतो. शेताच्या पोटात काय चाललंय ते कळतं तेव्हा तोडणी आलेली असते.

लग्नाच्या, जत्रेच्या शूटिंगमुळे लहान ड्रोन आता बहुतेक गावांत बघायला मिळतो. त्यातल्या काहींना स्वतःहून वाट धरता येते. मोबाईलच्या नकाशावर टप्पे ठरवून दिले की तो जीपीएसच्या आधाराने त्याच वाटेने, त्याच उंचीवरून फिरतो, फोटो काढतो आणि बॅटरी उतरायला लागली की उडाला होता तिथे परत येतो. ही टप्प्यांची सोय सगळ्या ड्रोनमध्ये नसते, म्हणून घेताना आधी तेच विचारा. शेतीला कॅमेऱ्याच्या झगमगाटापेक्षा याच सोयीचा उपयोग जास्त आहे.

एकदा हौसेने उडवून वरून शेत बघितलं तर सगळं हिरवंगार, छान दिसतं आणि हाती काही लागत नाही. खरा फायदा दर आठ दिवसांनी तीच वाट, तीच उंची आणि शक्यतो तीच वेळ ठेवण्यात आहे. तीस-चाळीस मीटर उंची पुरे. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास उडवावं, ऊन कलतं असतं, सावल्या फार लांब नसतात आणि वारा कमी असतो. गेल्या आठवड्याचा आणि आजचा फोटो मोबाईलवर शेजारी शेजारी ठेवला की नवा पिवळा ठिपका कुठे उमटला ते लगेच नजरेत भरतं. आता त्या ठिपक्यापर्यंत पायी जायचं. ड्रोन जागा दाखवतो, रोग सांगत नाही, हे पक्कं ध्यानात ठेवा.

उसाचं बघा. वरून पिवळा पट्टा दिसला तर कारणं निदान तीन असू शकतात. पाणी साचलेलं असेल, लोहाच्या कमतरतेने केवडा पडला असेल, नाहीतर हुमणी लागली असेल. वरून तिन्ही सारखेच दिसतात. आत जाऊन बेट हाताने हलवा. हुमणीचं बेट सैल लागतं, ओढलं की सहज वर येतं, मुळ्या कुरतडलेल्या असतात आणि खालची माती उकरली की इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली पांढरी अळी सापडते. केवडा असेल तर बेट घट्ट असतं, पण कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग फिका पडतो. पाणी साचलं असेल तर पाय घोट्यापर्यंत रुततोच, तिथे औषधावर पैसा घालण्याआधी चर काढा. तिन्हींवरचा इलाज वेगळा, आणि चुकीच्या इलाजाचा खर्च आपल्याच खिशातून जातो.

भातात तर वरून बघण्याला तोड नाही. तपकिरी तुडतुडे लागले की पीक गोल गोल चकत्यांनी करपल्यासारखं वाळतं. या चकत्या बहुधा वाफ्याच्या मध्ये असतात, बांधावरून त्या उशिरा दिसतात. फोटोत चकती दिसली की तिच्या कडेच्या हिरव्या चुडांचा बुंधा बघा, पाण्याच्या जरा वर. एका चुडाला पाच ते दहा तुडतुडे असले तर वाट बघत बसू नका. आधी वाफ्यातलं पाणी काढा, युरिया थांबवा आणि औषध घ्यायचं ते कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात विचारून घ्या. फवारणी बुंध्यावर पडली पाहिजे, शेंड्यावर मारून उपयोग नाही.

रानडुकरं रात्री कुठून आत शिरतात तेही सकाळच्या फोटोत आडव्या पडलेल्या पिकाच्या वाटेवरून कळतं. कुंपण त्याच तोंडाला घट्ट करा. गव्यांच्या किंवा हत्तींच्या मागे मात्र ड्रोन कधीही लावू नका. आवाजाने बिथरलेलं जनावर माणसावर येतं. खानापूर तालुक्यातल्या भीमगड अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय ड्रोन नेणंही चालत नाही. पाखरं उडवायला ड्रोनचा उपयोग दोन-चार दिवस होतो, मग पाखरं सरावतात.

आता उडवण्याबद्दल, कारण ड्रोन उसात पडला की शोधताना नाकी नऊ येतात. परतीची उंची उडवण्याआधीच ठरवून द्या, ती शिवारातल्या सगळ्यात उंच नारळापेक्षा, निलगिरीपेक्षा, विजेच्या मनोऱ्यापेक्षा जास्त हवी. विजेच्या बारीक तारा ड्रोनच्या सेन्सरला बहुधा दिसत नाहीत, त्या तुम्हालाच आधी हेरायच्या आहेत. ट्रॅक्टर, पत्र्याची शेड, बोअरचा लोखंडी पाईप यांच्याजवळून उडवू नका, होकायंत्र गोंधळतं. पुरेसे उपग्रह मिळून परतीची जागा नोंदल्याचं मोबाईल सांगेपर्यंत थांबा. उतरायला खळं किंवा ताडपत्री हवी. हलणाऱ्या पानांवर, चमकणाऱ्या पाण्यावर उतरताना खालचा कॅमेरा फसतो. जाताना वाऱ्याच्या तोंडाला जावं, म्हणजे येताना वारा पाठीशी राहतो. बॅटरी तीस टक्क्यांवर आली की माघारी बोलवा. पावसाचा शिंतोडा आला तरी खाली घ्या, हे लहान ड्रोन पाण्यासाठी केलेले नसतात. झाडावर आग्या मोहोळ असेल तर त्या बाजूला फिरकूसुद्धा नका. पंखांच्या आवाजाने माश्या उठल्या तर रानात भांगलणाऱ्या बायाबापड्यांवर तुटून पडतील.

याच ड्रोनला बाटली बांधून फवारणीचा प्रयोग करू नये. फवारणीचे ड्रोन वेगळे, दहा लिटरच्या आसपास टाकी असलेले, आणि ते चालवायला प्रशिक्षित पायलट लागतो. नमो ड्रोन दीदी योजनेतून महिला बचत गटांना मिळतात ते हेच.

नियम थोडक्यात. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंतचा मायक्रो. नॅनोला, आणि धंद्यासाठी वापरत नसाल तर मायक्रोलाही, पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. मायक्रो ड्रोन घेऊन पैसे घेत दुसऱ्याची शेतं बघायला लागलात की लागतं. नोंदणी क्रमांक मात्र घ्यावा लागतो. परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनच्या आयातीवर ९ फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे, तेव्हा बिलाशिवाय स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका. हिरव्या, म्हणजे वेगळी परवानगी न लागणाऱ्या, क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उडवता येतं, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच. सांबरा, मुतगा, निलजी, बाळेकुंद्री भागातल्या शेतकऱ्यांनी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा ड्रोनच्या क्षेत्रांचा नकाशा बघितल्याशिवाय ड्रोन पेटीतून बाहेर काढू नये. तिथे विमानतळाबरोबर हवाई दलाचं ठाणंही आहे. बेळगावच्या छावणी भागालाही हेच लागू. हलग्याजवळ सुवर्णसौध या विधानभवनात अधिवेशन असताना पोलीस काही दिवसांपुरतं लाल, म्हणजे उडवायला मनाई असलेलं, क्षेत्र जाहीर करू शकतात, तेवढी चौकशी करून घ्या.

आणि शेजाऱ्यांना सांगून उडवा. नदीवर, विहिरीवर बायका कपडे धूत असतात, अंगणात माणसं वावरतात. तुमच्या ड्रोनचा कॅमेरा तुमच्या पिकावरच राहिला पाहिजे. बांधाच्या वादात तर ड्रोनचा फोटो नकोच. साध्या जीपीएसमध्ये काही मीटरचा फरक पडतो, तेवढ्यावर भावाभावांत भांडण लावण्यापेक्षा सरकारी मोजणी करून घ्या.

परतीच्या पावसात पीक बुडालं किंवा काढून ठेवलेलं सोयाबीन भिजलं, तर पीक विमा घेतलेल्यांनी ७२ तासांच्या आत कळवायचं आहे, १४४४७ या क्रमांकावर किंवा बँकेत, कृषी खात्यात. पाणी उभं असतानाच वरून फोटो घ्या, पुराव्याला ते जोडता येतात, पण तपासणीला माणूस आल्यावर आपण शेतात हजर राहा, खरा आधार तोच. जमीन सीमेच्या दोन्ही बाजूंना असेल तर ज्या राज्यात उतारा, तिथल्याच विम्यात ते शेत धरलं जातं. फोटोही गट क्रमांकाप्रमाणे वेगवेगळे ठेवा.

एकट्याने ड्रोन घेण्याइतकं क्षेत्र बहुतेकांकडे नाही. पाच-सहा घरांनी मिळून एक घ्यावा, कृषी पत्तीन संघात, म्हणजे गावच्या शेती पतसंस्थेत, तसा विषय काढून बघावा. बॅटऱ्या निदान दोन-तीन ठेवा, उन्हात गाडीत टाकू नका, आणि महिनाभर वापरायच्या नसतील तर अर्ध्या भरून ठेवा.

दसऱ्याच्या सुमाराला सोयाबीन निघालं की नांगर घालण्याआधी रिकाम्या रानावरून एक फेरी जरूर मारा. येळ्ळूर, वडगाव, शहापूर शिवारात बळ्ळारी नाल्याचं पाणी शिरतं, तिथे तर हे कराच. गाळ बसलेले, उशिरा वाळणारे काळपट पट्टे वरून स्वच्छ दिसतात. मोबाईलमधल्या फोटोवर त्यांच्या कडा रेघेने ओढून ठेवा आणि हरभरा, मसूर पेरायच्या आत चर त्या रेघेवरून काढा.